अल्क धातू आवर्तसारणीत पहिल्याच गणात का? आणि पोटॅशियम आरगॉनपेक्षा हलकं असूनही त्याच्या पुढे कसं?

तुमचा प्रश्न असा की मूलद्रव्यं वजनाच्या क्रमाने लावलीत असं ऐकलंय, मग 39.1 वजनाचं पोटॅशियम 39.95 च्या आरगॉननंतर का येतं. मला ही जोडी फार आवडते, कारण सारणी खरी कशावर उभी आहे ते इथेच कळतं.

अल्क धातू सहा आहेत, लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम आणि फ्रान्शियम, आणि त्यांचे अणुअंक (केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या) 3, 11, 19, 37, 55, 87. यातली अंतरं काढून बघा, 8, 8, 18, 18, 32. म्हणजे दरवेळी निष्क्रिय वायूपाशी (आरगॉन हा त्यातलाच एक) एक आवर्त, म्हणजे सारणीतली आडवी ओळ, संपतं, पुढचा इलेक्ट्रॉन नवीन कवचात जातो आणि तिथे अल्क धातू हजर. बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन म्हणून गण 1, म्हणजे सारणीतला पहिला उभा स्तंभ, बाकी काही नाही.

हा एकटा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, त्यात मध्ये आतल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा, त्यामुळे तो पटकन सुटतो. लिथियमपासून तो काढायला दर मोलला 520 किलोज्यूल लागतात, सीझियमला 376 पुरतात, म्हणून गणात खाली जाल तसा धातू जास्त क्रियाशील. कॉलेजच्या लॅबमध्ये सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात ते यासाठीच. तुकडा बाहेर काढून सुरीने कापला तर आरामात कापला जातो, आतली बाजू चांदीसारखी चकचकीत दिसते आणि बघता बघता हवेने मळकट पांढरी पडते. लिथियम तर इतकं हलकं की रॉकेलवरही तरंगतं.

आता वजनाचं. वजनावरून हिशोब मांडायची सवय जुनी आहे, डोबेरायनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की लिथियम 7 आणि पोटॅशियम 39 यांची सरासरी काढली की बरोबर 23 येते, म्हणजे सोडियम. 1869 मध्ये आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हनेही क्रम अणुवस्तुमानानेच लावला, पण जिथे गुणधर्म जुळेनात तिथे त्याने गुणधर्मांना मान दिला, टेल्युरियम जड असूनही आयोडीनच्या आधी ठेवलं, आणि हीच त्याची खरी मोठी गोष्ट असं मला वाटतं. 1894 मध्ये रॅले आणि रॅम्से यांना आरगॉन सापडला आणि पंचाईत झाली, कारण वजनाचं ऐकायचं तर पाण्यात टाकल्यावर पेट घेणारं पोटॅशियम निष्क्रिय वायूंच्या रांगेत जातं आणि कशाशीच संयोग न करणारा आरगॉन सोडियमच्या खाली येतो. मेंडेलीव्हला तर आधी आरगॉन हे नवीन मूलद्रव्य आहे हेच पटेना, त्याला तो तीन अणूंचा नायट्रोजन वाटत होता.

कोडं सुटलं ते मोस्ली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञामुळे. 1913 मध्ये त्याने मूलद्रव्यांमधून निघणारे एक्स-रे मोजले आणि क्रम अणुअंकाने, म्हणजे केंद्रकावरच्या धनप्रभाराने लागतो हे दाखवलं. आरगॉन 18, पोटॅशियम 19, वाद संपला. वजन हे समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या, मिश्रणाची सरासरी असते, पोटॅशियम बहुतेक 39 वाला असतो आणि हवेतला आरगॉन जवळजवळ सगळाच 40 वाला, म्हणून आरगॉन जड भरतो.

आणि हा 40 वाला आरगॉन आला कुठून, तर पोटॅशियममधूनच! खडकांमध्ये पोटॅशियम-40 अगदी थोडं असतं, त्याचा अर्धायुष्यकाल (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) साधारण 125 कोटी वर्षं, क्षय पावणाऱ्या दर दहा अणूंमागे एखाद्याचा आरगॉन-40 होतो आणि तो अब्जावधी वर्षं हवेत साठत आलाय. म्हणजे आरगॉनचं वजन जास्त दिसतं त्याला कारण त्याचा शेजारीच आहे.

हायड्रोजनचं विचारलं नाहीत पण पुढे अडेल म्हणून सांगतो, त्याच्याकडेही एकच इलेक्ट्रॉन आहे म्हणून तो बहुतेक तक्त्यांत लिथियमच्या वर दिसतो, पण तो अधातू आहे, परीक्षेत त्याला अल्क धातू लिहू नका.