कांडीवरच्या तारखेच्या मागे मोज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता, दोन्ही बारकाईने वाचले. भर उन्हाळ्यात कांड्यांत (रेत साठवायच्या बारीक नळ्यांत) गोठवलेल्या वळूंच्या रेतमात्रांची वितळवल्यानंतरची गतिशीलता, म्हणजे हालचाल करणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण, बरी आणि हवा गार झाल्यावर गोठवलेल्यांची मात्र खालावलेली, हे पाहून ऋतूचा रकानाच प्रबंधातून वगळावा असे तुला वाटू लागले आहे. कृपा करून वगळू नकोस. तुझ्या मोजमापांत खोट दिसत नाही. ती भलत्याच महिन्याच्या नावावर मांडली गेली आहेत.

वळूच्या वृषणात शुक्राणू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात आणि अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या गुंडाळलेल्या नळीतून, पुढे सरकत तो परिपक्व होण्यात आणखी ८ ते ११ दिवस जातात. म्हणजे कांडीवर छापलेली तारीख फक्त रेत घेतल्याची. घडण त्याच्या दोन महिन्यांहून अधिक काळ आधी सुरू झालेली असते. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा २ ते ६ अंशांनी कमी राहावे लागते. उष्ण, दमट हवेत ते तसे राखता आले नाही, तर सर्वाधिक इजा होते ती अर्धसूत्री विभाजनातून जाणाऱ्या आणि नुकत्याच त्यातून बाहेर पडलेल्या पेशींना. म्हणूनच उष्णतेच्या लाटेनंतर पहिले काही दिवस रेत निर्दोष दिसते, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून विकृत डोक्यांचे शुक्राणू वाढू लागतात आणि हवा निवळल्यावरही ते कित्येक आठवडे येत राहतात. मागे मोज, एवढेच माझे म्हणणे आहे.

ताजे रेत पुष्कळदा हे लपवते. आवरण कमकुवत असलेला शुक्राणूही ताजेपणी जोमाने पोहतो. गोठणे आणि वितळणे सोसताना मात्र त्याचे पितळ उघडे पडते. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरून, पुसून, कापून पहिला थेंब पाहतेस तेव्हाच आकडा लिहून मोकळी होऊ नकोस. तोच नमुना ३७ अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा पाहा आणि सरळ पुढे जाणारे किती, जागच्या जागी गोल फिरणारे किती, हे वेगळे मोज. सौम्य क्षारद्रावणात शेपट्या वळल्या तर आवरण शाबूत आहे. ती चाचणी स्वस्त आहे, तेव्हा सबब सांगू नकोस.

आता ज्या गोष्टीवरून मी उभी नोकरी हट्टी म्हणून बदनाम झालो, ती सांगतो. सुरुवातीची गतिशीलता सुमारे ७० टक्क्यांच्या खाली असलेले रेत बहुतेक ठिकाणी गोठवलेच जात नाही. म्हणजे वाईट हंगामात गोठवले जाते ते चाळणीतून उरलेले, आणि आपण त्या उरलेल्यांचीच सरासरी काढून ‘ऋतूचा परिणाम नाही’ असे लिहितो. फेकलेल्या रेताची नोंद तक्त्याला जोडा, असे मी प्रत्येक बैठकीत म्हणत राहिलो आणि लोक कंटाळले. त्या नोंदीअभावी काही चांगले वळू नुसत्या एका हंगामाच्या आकड्यांवर बाद झाले, याची खंत आजही आहे. माझा स्वर कडू होता, हे खरे. पण मुद्दा बरोबर होता आणि आजही आहे.

बोकड व मेंढ्याच्या बाबतीत उष्णतेइतकाच, किंबहुना अधिक, दिवसाच्या लांबीचा विचार कर, कारण त्यांचा प्रजननकाळ दिवस लहान होऊ लागले की बहरतो. बोकडाच्या रेतद्रवातील एक विकर गोठवण्यापूर्वी रेतात मिसळलेल्या अंड्याच्या बलकाशी क्रिया करून शुक्राणूंना अपाय करते, हेही विसरू नकोस. आणि गर्भधारणेचे आकडे यात मिसळू नकोस: हिवाळ्यातली कांडी उन्हाळ्यात वापरून गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तर दोष कांडीचाच असेल असे नाही. उष्म्याचा ताण गाईलाही असतो, आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात नीट बुडून राहिलेल्या कांडीला बाहेरचा ऋतू कळत नाही.

तेव्हा प्रत्येक नोंदीसमोर रेत घेण्यापूर्वीच्या सत्तर दिवसांचे तापमान आणि आर्द्रता आठवड्यागणिक मांड. तेच वळू सर्व ऋतूंत येतील असे पाहा; वय आणि रेत घेण्यातले अंतर यांची स्वतंत्र नोंद ठेव. फेकलेल्या रेताची वही मागताना कोणी कपाळाला आठ्या घातल्या तर घालू देत. वही घेतल्याशिवाय उठू नकोस. नवा तक्ता झाला की मला पाठव, जुना पुन्हा पाठवू नकोस.

तुझा,
जुना मार्गदर्शक