रात्री अडीचचे विचार आणि आमचा चौथा मजला

प्रश्न : उन्हाळा सुरू झाला की रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत वाटेल ते जुनेपुराणे विचार डोक्यात येत राहतात. हे मानसिक आहे का? हे विचार थांबवायचे कसे?

उत्तर :

तुमच्या प्रश्नात ‘मानसिक’ हा शब्द नसता, तर मी उत्तर लिहायला बसले नसते. हा शब्द मी आमच्या घरात बरीच वर्षे ऐकत आले आहे, आणि तोही अशा माणसाच्या तोंडून, ज्याला उशीला डोके टेकल्यापासून चौथ्या मिनिटाला घोरता येते. त्यामुळे माझे मत आधीच सरळ सांगते. विचार येतात म्हणून झोप उडत नाही. उकाड्याने झोप उडते आणि जागे पडून राहिलेल्या माणसाकडे दुसरे काहीच काम नसल्यामुळे विचार येतात. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने विचारण्यासारखे तेवढेच आहे.

आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो. १९९९ साली आमची इमारत बांधून होत आली, तेव्हा दोनच फ्लॅट शिल्लक होते : दुसऱ्या मजल्यावरचा पूर्वेकडचा, आणि चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेकडचा. मी दुसरा मजला म्हणत होते. माझ्या दिरांनी मात्र गच्चीवर उभे राहून, पर्वतीकडे हात करून, “वहिनी, इथे पंखासुद्धा लागणार नाही, असला वारा आहे,” असे सांगितले, आणि वरचा फ्लॅट चौरस फुटामागे चाळीस रुपयांनी स्वस्त पडत असल्यामुळे आमच्या ह्यांनाही तो वारा लगेच जाणवला. ती पाहणी डिसेंबरमध्ये झाली होती, एवढे नमूद करून पुढे जाते.

२०१९ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात पारा ४३ अंशांपर्यंत गेला होता. त्यातल्या एका रात्री पावणेदोनला मला जाग आली. पंखा पाचवर होता, पाठीखालची चादर ओली झाली होती, आणि लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू येत होती. स्टेशन आमच्यापासून बरेच दूर आहे आणि दिवसा ती शिट्टी कधीच ऐकू येत नाही. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो, हे मी नववीच्या मुलांना शिकवते. शिट्टीवरून हवेकडे, हवेवरून वेधशाळेकडे आणि तिथून सिमला ऑफिस चौकाकडे विचार गेला. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले म्हणून त्या जागेला हे नाव पडले. थंड डोंगर सोडून इथे येणाऱ्या त्या माणसांचा त्या रात्री मला खरोखर राग आला होता. रात्री दोन वाजता, नव्वद वर्षांपूर्वीच्या बदल्यांचा राग.

इथवर सगळे निरुपद्रवी होते. पण हवामानावरून तापमानाकडे आले आणि अचानक आठवला तो २००३ साली प्रात्यक्षिक परीक्षेत समोर उभा राहिलेला एक मुलगा. पाण्याचा उत्कलनबिंदू मोजायचा साधा प्रयोग होता. त्याने वहीत ९८ लिहिले होते. मी म्हटले, “पुन्हा बघ.” त्याने पुन्हा बघितले आणि पुन्हा ९८ च सांगितले. शेजारच्या सर्व मुलांनी पुस्तकाप्रमाणे १०० लिहिलेले असल्यामुळे मी त्याचा अर्धा गुण कापला. आता, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि दर तीनशे मीटरना उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो, म्हणजे त्या वर्गात प्रत्यक्ष थर्मामीटर वाचणारा तो एकटाच होता. हे गणित मला तेव्हाही येत होते. त्या दिवशी सुचले नाही, एवढेच. पण सोळा वर्षांनी, रात्री सव्वादोनला, घामाने भिजलेल्या उशीवर, मी शिक्षिका व्हायलाच नको होते इथपर्यंत माझी गाडी आली होती. त्याचे पुढे काय झाले असेल, त्या अर्ध्या गुणाने त्याचे विज्ञानावरून मन उडाले असेल का, त्याच्या घरी कोणी रागावले असेल का, असे एकामागून एक सुरू झाले.

मी उठले. घरात माझा स्वतःचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर होता. खरे म्हणजे पाणी उकळून पाहायचे होते, पण स्वयंपाकघरात जाताना हात वर करून माळ्यावरची पेटी काढली आणि हाताला छताची धग लागली. तापलेला तवा खाली उतरवून ठेवल्यावर त्याच्या जवळ हात नेला तर लागते तशी. पाणी राहिले बाजूला. मी बेडरूममध्ये स्टूल ठेवले, त्यावर चढले आणि थर्मामीटरचा फुगा छताला टेकवून, त्यावर थर्माकोलचा तुकडा दाबून, चिकटपट्टी लावली.

खाट हलल्यामुळे हे जागे झाले.

“अगं, पडशील! काय चाललंय?”

“तापमान घेतेय.”

“कुणाला ताप आलाय?”

“छताला.”

दर वेळी दहा-दहा मिनिटे थांबून मी नोंदी घेतल्या आणि दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली लिहिल्या. छत ३६. उशीजवळ ३३. बाल्कनीच्या कठड्याबाहेर २६. ते पान मी ह्यांच्या समोर धरले. त्यांनी चष्मा लावून ते शांतपणे वाचले, “थर्मामीटर बिघडला असेल,” असे म्हटले आणि कूस बदलली.

थर्मामीटर बिघडलेला नव्हता. पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर वरून तापतो. ती उष्णता आतल्या अंगापर्यंत पोहोचायला काही तास जातात, आणि मग तो रात्रभर खाली झोपलेल्या माणसावर ती सोडत राहतो. पश्चिमेची भिंत त्यात आपली भर घालते. पंखा हवा गार करत नाही. वरच्या मजल्यावर तो छतालगतची तापलेली हवा तेवढी खाली ढकलतो. इकडे झोप लागायची तर शरीराचे आतले तापमान अंशभर खाली यावे लागते, आणि त्यासाठी हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर जावी लागते. ३३ अंशांच्या खोलीत ती कशी जाणार? शिवाय उत्तररात्री स्वप्नांच्या झोपेचा वाटा वाढतो आणि नेमक्या त्या झोपेत शरीराची तापमान सांभाळण्याची यंत्रणा मंदावते. त्यामुळे जाग दोन-तीनलाच येते, आणि ती अर्धवट स्वप्नातून आल्यामुळे साध्या आठवणीही अवाढव्य दिसतात, असे माझे मत आहे. त्या दिवशी सकाळी साडेसहाला चहा पिताना तो मुलगा मला आठवला, तेव्हा प्रश्न पुन्हा अर्ध्या गुणाचाच झाला होता. वाईट वाटलेच, पण नोकरी सोडण्याइतके नाही.

बाहेर २६ अंश होते, हे लक्षात घ्या. पुण्याची एप्रिलमधली रात्र आजही वाईट नाही. आपली घरे वाईट आहेत. ग्रीष्मात रात्री वाऱ्याशीर गच्चीवर झोपावे असे चरकसंहितेतही सांगितले आहे, पण आमची गच्ची रात्री दहाला कुलूपबंद होते आणि किल्ली मागायला गेलेल्या बाईकडे सगळे अशा नजरेने पाहतात, की चरकाचार्यांचे नाव काढायचा धीर होत नाही.

आता तुम्ही विचारलेल्या उपायांबद्दल. विचार थांबवायच्या भानगडीत पडू नका. ते थांबवायचे म्हटले की अधिक येतात. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर अंथरूण सोडून दुसऱ्या खोलीत किंवा बाल्कनीत बसा, मोबाइल नको, घड्याळ पाहू नका, डोळे जड झाल्यावरच परत या. संध्याकाळी सातनंतर चहा नको, कारण त्यातले जवळजवळ निम्मे कॅफीन मध्यरात्रीही अंगात असते. झोपण्यापूर्वी पाय धुवा. माझ्या सासूबाई हे रोज सांगत आणि मी ते केवळ सोवळे समजत असे. त्या बरोबर होत्या, हे त्यांना सांगायचे राहून गेले. एसी लावा असे कोणी ना कोणी इथे लिहीलच. लावा, बिल तुमचे. आणि जमत असेल तर वरच्या गच्चीला चुना मारून घ्या. आम्ही २०२१ च्या मार्चमध्ये मारला; सोसायटीची परवानगी मिळायला तेवढा काळ लागला. त्या एप्रिलमध्ये छत ३३ च्या वर गेले नाही. बाहेरचे तापमानही त्या वर्षी कमी होते, हे ह्यांनी तत्परतेने निदर्शनास आणून दिले.

फ्लॅट अजून घ्यायचा असेल, तर वरचा मजला आणि पश्चिम बाजू एकत्र घेऊ नका, मग दीर काहीही म्हणोत. घर पाहायला मे महिन्यात, दुपारी चारनंतर जा आणि भिंतीला हात लावून पाहा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. २०१९ साली मी ५१ वर्षांची होते, रजोनिवृत्तीचा काळ चालू होता, आणि त्या वयात रात्री अंगातून वाफा निघून जाग येते, ती दुसऱ्या मजल्यावरही आली असती. माझ्या डॉक्टर बाईंनी हे मला स्वच्छ सांगितले होते. घरी मी ते अजून कबूल केलेले नाही. त्यामुळे तुमचे वय त्याच्या आसपास असेल, किंवा हिवाळ्यातही असेच होत असेल, किंवा घोरणे, दिवसा डुलक्या, मन सतत उदास असणे यांपैकी काही असेल, तर माझ्या स्लॅबच्या नादी न लागता डॉक्टरांकडे जा. तसे काही नसेल, तर आधी छत मोजा. माझा थर्मामीटर दिला असता, पण एप्रिल संपेपर्यंत तो छतालाच चिकटवलेला असतो.