गाडी रिकामी आहे का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बेळगावात एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर निपाणीला. काकांचा भाड्याच्या गाड्यांचा धंदा आहे. क्रूझर, टेम्पो ट्रॅव्हलर आणि दोन लहान गाड्या, सगळं बुकिंग एका लांबट वहीत. प्रोजेक्ट म्हणून त्यांच्यासाठीच वेबवर चालणारी बुकिंग आणि व्यवस्थापनाची सिस्टीम करायला घेतली आहे. यूज केस (कोण काय करणार), डीएफडी (माहिती कुठून कुठे जाते), ईआर (कुठली टेबलं, त्यांचं एकमेकांशी नातं काय) अशा आकृत्या झाल्या, कोडही बरंचसं झालं. पण काका म्हणतात, ‘ह्यात माझं भाडं बसतच नाही.’ गाईड म्हणतात, टेस्टिंगचं प्रकरण कच्चं आहे. सोबत ईआर आकृती पाठवत आहे. कुठं अडलंय ते सांगाल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आकृती बघितली. बुकिंगच्या टेबलात ‘तारीख’ असा एकच रकाना आहे. काकांचं भाडं बसत नाही ते तिथंच. निपाणीहून रात्री दहाला सौंदत्तीला निघालेली क्रूझर दुसऱ्या दिवशी दुपारी परत येते. ही नोंद कुठल्या तारखेला टाकणार? गाडी दारातून निघायची वेळ आणि दारात परत यायची वेळ, असे दोन रकाने हवेत, आणि दोन्हींत तारीख व तास दोन्ही.

हे आकृती काढताना सुचणार नाही, वही वाचताना सुचेल. काकांकडून गेल्या लग्नसराईची वही मागून घ्या आणि त्यांच्या शेजारी बसून पान न पान विचारा. मी बेळगाव-चिकोडीकडच्या ट्रॅव्हल्सवाल्यांच्या ज्या वह्या पाहिल्या, त्यांत बऱ्याच ठिकाणी पेन्सिलीची नोंद म्हणजे नुसती विचारपूस आणि पेनाची नोंद म्हणजे अ‍ॅडव्हान्स आला. वर काट मारली की रद्द, बरोबरची खूण केली की हिशेब मिटला. तुमच्या ‘स्टेटस’ रकान्यात फक्त ‘बुक्ड’ आणि ‘नॉट बुक्ड’ आहे. पेन्सिलीची नोंद किती वेळ धरून ठेवायची, दुसरं गिऱ्हाईक रोख अ‍ॅडव्हान्स घेऊन दारात उभं राहिलं तर काय, हे नियम काकांच्या डोक्यात आहेत. ते तिथून काढून कागदावर आणणं म्हणजेच तुमच्या अहवालातलं ‘सिस्टीम अ‍ॅनालिसिस’. बाकी पानं भरती.

काही गोष्टी मुद्दाम विचाराच. ‘शनिवारी रात्री बाराला गाडी पाठवा’ म्हणजे शुक्रवार संपतानाची रात्र की शनिवार संपतानाची? गिऱ्हाईक एक म्हणतं, संगणक दुसरं समजतो. स्क्रीनवर वार आणि ‘मध्यरात्री’ स्पष्ट दाखवून होकार घ्या. दिवस कसा मोजायचा? कुणी निघाल्यापासून २४ तास धरतं, कुणी रात्री बाराला नवा दिवस लावतं. बाहेरगावच्या भाड्याला रोजचे किमान किलोमीटर कुणी २५० धरतं, कुणी ३००. हे आकडे कोडमध्ये लिहून टाकू नका, काकांना बदलता येतील अशा सेटिंगमध्ये ठेवा. ड्रायव्हरचा बाटा, टोल आणि पार्किंग भाड्यात की वेगळं, हेही त्यातच.

आता मुख्य काम, टक्कर ओळखण्याचं, म्हणजे एकाच गाडीची दोन बुकिंग एकमेकांवर येतात का ते. जुनं बुकिंग नव्याच्या शेवटाआधी सुरू होत असेल आणि नव्याच्या सुरुवातीनंतर संपत असेल, तर टक्कर आहे. एवढी एक अट सगळ्या प्रकारांना पुरते. कोडमध्ये ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ अशा ‘इफ-एल्स’चा डोंगर असेल तर काढून टाका. मात्र कोल्हापूरहून सहाला परत येणारी गाडी सहालाच पुढच्या भाड्याला देता येत नाही. धुणं, डिझेल, ड्रायव्हरचं जेवण यांना वेळ लागतो. परतीच्या वेळेत तेवढी भर घाला आणि मग तपासा.

ड्रायव्हरचा तपास गाडीपासून वेगळा करा. गाडी मोकळी असली तरी रात्रभर चालवून आलेला माणूस मोकळा नसतो. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. काका हसतील, पण सिस्टीमने निदान लाल खूण तरी दाखवावी.

दुसरी अडचण तुमच्या लॅपटॉपवर कधीच दिसणार नाही. काका ऑफिसात, काकू घरच्या मोबाइलवर, दोघांनी एकाच क्षणी एकच ट्रॅव्हलर बुक केली तर? दोघांचंही कोड आधी ‘रिकामी आहे का’ विचारतं, दोघांनाही ‘हो’ मिळतं, दोन्ही नोंदी बसतात. हा पहारा डेटाबेसवरच ठेवावा लागतो. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या पायऱ्या एकत्र पार पडतात किंवा एकही नाही, असा गट) आधी त्या गाडीची ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने लॉक करा, म्हणजे दुसऱ्याला थांबावं लागेल, मग तपासा, मग नोंद घाला. पोस्टग्रेएसक्यूएल असेल तर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावा. एकाच गाडीच्या दोन वेळा एकमेकींवर आल्या तर डेटाबेसच नोंद नाकारतो. त्यासाठी बीट्री जिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं. माझं मत दुसऱ्या वाटेला. तिथं विसरायची सोय नाही.

आपल्या भागाची म्हणून एक गोष्ट तुमच्या आकृतीत अजिबात नाही. पुण्याच्या गाडीवाल्याला राज्याबाहेर जाणं म्हणजे लांबचं भाडं. निपाणीकराला दवाखान्यासाठी कोल्हापूर गाठलं की राज्य बदललं, आणि बेळगावकर चोर्ला घाट उतरला की गोवा. केए २३ च्या, म्हणजे चिकोडी आरटीओच्या, गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे की फक्त राज्यापुरतं, यावर ते भाडं घेता येईल की नाही हे ठरतं. म्हणून गाडीच्या नोंदीत परमिटचा प्रकार ठेवा आणि ठिकाणाच्या नोंदीत राज्य. परमिट, फिटनेस, विमा आणि पीयूसी यांची शेवटची तारीख प्रत्येकी वेगळी ठेवा. फिटनेसची तारीख स्वतः मोजत बसू नका: व्यावसायिक गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतं, तेव्हा प्रमाणपत्रावरची तारीखच भरा. तपासताना आजची तारीख न बघता गाडी परत येण्याची वेळ बघा. विमा रविवारी संपणार असेल तर शनिवार-सोमवारचं भाडं अडलंच पाहिजे.

ठिकाणांची यादी निवडून द्यायची ठेवा. ‘खानापूर’ लिहिलं तर आपलं की सांगली जिल्ह्यातलं? गिऱ्हाइकाचं नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी येणार; शोध मोबाइल नंबरावर चालवा. मायएसक्यूएल असेल तर ‘यूटीएफ८एमबी४’ ही मराठी-कन्नड अक्षरं नीट साठवणारी पद्धत सुरुवातीलाच निवडा. ड्रायव्हरला जाणारा निरोप त्याला वाचता येईल त्या भाषेत जावा. तो हुक्केरीचा असेल तर बहुतेक कन्नडमध्ये.

टेस्टिंगचं म्हणाल, तर ‘लॉगिन बटण चालतं, पास’ असल्या तक्त्याने तुमचे गाईडच काय, मीही खूश होणार नाही. पुन्हा तीच वही घ्या. लग्नसराईतल्या सगळ्यांत गर्दीच्या आठवड्याच्या नोंदी, ज्या क्रमाने फोन आले त्याच क्रमाने, काटाकाटीसकट सिस्टीममध्ये भरा. वहीत घेतलेलं एखादं भाडं सिस्टीमने नाकारलं, तर काकांना विचारा : तुमचा नियम चुकला, की त्या दिवशी काकांनी शेजाऱ्याची गाडी मागून आणली? बाहेरची गाडी लावणं हा धंद्याचा रोजचा भाग आहे. तुमच्या आकृतीत तीही नाही. त्यानंतर कडेच्या वेळा तपासा : एक भाडं संपतं त्याच मिनिटाला दुसरं, एक मिनिट आधी, महिना बदलताना, वर्ष बदलताना. एकाच क्षणी दोन बुकिंग आणण्यासाठी जेमीटर हे टेस्टिंगचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट मिळतं. शेवटी काकांना एकटं बसवा, तुम्ही मागे उभे राहा आणि तोंड बंद ठेवा.

अहवालात ‘वॉटरफॉल’, म्हणजे एक टप्पा पुरा संपवूनच पुढच्यावर उतरण्याची रीत, लिहायला सांगितलं असेल तर लिहा. फक्त ज्या विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखाकडे तिचं मूळ दाखवतात, त्यांनीच सरळ उतरत जाणारी ती रीत धोक्याची म्हटली होती. तोंडी परीक्षेत कुणी विचारलंच तर उपयोगी पडेल.

प्रश्न : माझ्या गाड्यांसाठी अशीच सिस्टीम करून घेतोय. करणारा मुलगा म्हणतो, प्रत्येक गिऱ्हाइकाचं आधार कार्ड अपलोड करून घेऊया. घ्यावं का?
— एक गाडीमालक, खानापूर

उत्तर : नको. ड्रायव्हरसकट गाडी देताय, त्याला नाव, मोबाइल नंबर आणि कुठून न्यायचं तो पत्ता पुरतो. टुरिस्ट परमिटच्या गाडीत प्रवाशांची यादी लागते, कोण कुठून कुठे जाणार एवढी; ती सिस्टीममधून छापता आली की झालं. जमवलेल्या माहितीची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने जमवणाऱ्यावर टाकली आहे, आणि आधारचे फोटो सांभाळणं हा तुमचा धंदा नाही. त्या मुलाला त्याऐवजी रोज रात्री बॅकअप घ्यायला सांगा, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायला लावा. मगच शेवटचा हप्ता द्या.