टपावर सायकल बांधण्यापूर्वी

प्रश्न : मी आणि माझी मुलगी दर रविवारी सायकलने गंगापूर धरणापर्यंत जाऊन येतो. आता इगतपुरी आणि भंडारदऱ्याच्या बाजूला सायकल चालवावी असा तिचा आग्रह आहे, म्हणजे सायकली तिथवर मोटारीने न्याव्या लागणार. आमची मोटार लहान एसयूव्ही असून टपावर कंपनीनेच बसवलेल्या रेल, म्हणजे दोन्ही कडांना लांबीच्या दिशेने असलेल्या दांड्या आहेत. माझी सायकल साधी, गिअरची आहे. मुलीच्या सायकलीची फ्रेम कार्बनची आहे. टपावर बसणारा कॅरियर घ्यायला गेलो, तर दुकानदाराने तीन प्रकार दाखवले आणि त्यांच्या किमती ऐकून आम्ही तसेच परत आलो. कोणता घ्यावा?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपण कॅरियरविषयी विचारले आहे, परंतु निर्णय कॅरियरपेक्षा त्या रेलवर अधिक अवलंबून आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मोटारींच्या टपावरील रेल या निव्वळ शोभेच्या असतात. त्या क्लिपांनी किंवा चिकटपट्टीने बसवलेल्या असतात, टपाखालच्या लोखंडाशी त्यांचा काही संबंध नसतो. धरून हलवून पाहिल्यास त्या घट्टच वाटतात, त्यामुळे ती परीक्षा निरुपयोगी आहे. मोटारीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका काढून टपावर किती किलो भार चालतो हे पाहावे. आकडा दिलेला नसेल, किंवा रेल वजनासाठी नाहीत असे स्पष्ट लिहिले असेल, तर दुकानदार काहीही म्हणो, त्या रेलवर सायकल बांधू नये. अशा मोटारींसाठी दरवाजाच्या चौकटीत पकड घेणारे आडवे दांडे मिळतात. मात्र त्यांचे पाय त्या-त्या मॉडेलसाठी वेगळे असतात आणि आपल्या मॉडेलला टपावर भार चालतो याची खात्री तेव्हाही करावीच लागते. असे दांडे बसवल्यावर दरवाजाचे रबरी बिडिंग नीट बसते ना, हे पाण्याची नळी सोडून तपासावे, कारण इगतपुरीच्या पावसात ते कळून उपयोग नाही.

भाराचा आकडा बहुधा ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असतो आणि त्यात फक्त सायकली धरायच्या नसतात. रेलवर बसणारे दोन आडवे दांडे साधारण ५ किलो, त्या दांड्यांवर बसून सायकल धरणारा प्रत्येकी एक ट्रे ४ ते ५ किलो आणि प्रत्येक सायकल १२ ते १४ किलो अशी बेरीज केली, तर दोन सायकलींचा भार चाळिशीच्या आसपास जातो. म्हणजे मर्यादा ५० किलोंची असली तरी आपले काम भागते. पुढे तिसरी सायकल चढवण्याचा मोह झाला, तर मात्र भागत नाही.

आता प्रकारांविषयी. आपल्याला दाखवलेले तीन प्रकार बहुधा असे असावेत : सायकलीची तिरपी खालची नळी चिमट्यात धरणारा, पुढचे चाक काढून फोर्क (ते चाक धरणारा दुभंगलेला भाग) अडकवणारा आणि केवळ चाके धरणारा. पहिला सर्वांत सोपा आणि बहुधा स्वस्त असतो. चाक काढावे लागत नाही. आपल्या साध्या सायकलीसाठी तोच घ्यावा. मुलीच्या सायकलीला मात्र तो लावू नये, कारण कार्बनची नळी लांबीच्या दिशेने कितीही मजबूत असली तरी बाजूने आवळलेला चिमटा तिला सोसत नाही आणि पडलेली चीर वरून दिसेलच असे नाही.

तिच्यासाठी फोर्कचा किंवा चाकांचा ट्रे, यांपैकी एक निवडावा लागेल. फोर्कचा ट्रे सायकल अगदी स्थिर धरतो आणि टपावरची उंचीही थोडी कमी होते. परंतु त्यासाठी तिच्या सायकलीच्या पुढच्या चाकाच्या आसाचे माप जुळले पाहिजे. जुन्या धर्तीच्या क्विक रिलीजला (खटका सैल करून चाक काढण्याची सोय) एक जोडणी लागते, तर आरपार आस असेल तर रस्त्यावरच्या सायकलींत तो बहुधा १२ मिलीमीटर आणि डोंगरी सायकलींत १५ मिलीमीटर जाडीचा असतो. हे तोंडी सांगून ट्रे मागवण्यापेक्षा सायकलच दुकानात न्यावी. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असल्यास, चाक काढलेले असताना कोणीही ब्रेक दाबू नये. दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि पहाटे घोटीच्या पुढे कुठेतरी पेचकसाने ते उकलत बसावे लागते. पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा दुमडलेला तुकडा ठेवला की काम होते. काढलेले चाक डिकीत ठेवायला जागा नसेल, तर चाके धरणारा ट्रे घ्यावा. तो महाग असतो, पण फ्रेमला हात लावत नाही. कार्बनच्या सायकलीच्या किमतीपुढे तो फरक मला जास्त वाटत नाही. एकाच जोडी दांड्यांवर दोन वेगळ्या प्रकारचे ट्रे बसवण्यास काही हरकत नाही.

बसवताना पकडीखालचा टप ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. धूळ राहिली तर रबराखाली ती काचकागदासारखी काम करते. निघाल्यावर २०-२५ किलोमीटरवर थांबून सर्व नट आणि पट्टे हाताने पुन्हा पाहावेत. महामार्गावर वेग आवरावा, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेल्यास तो सुमारे दीडपट होतो आणि ती ओढ दांड्यांच्या चार पायांवरच येते.

आणखी एक गोष्ट मी स्वतः नुकसान सोसून शिकलो आहे. मोटार, दांडे आणि सायकल मिळून उंची पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फुटांपर्यंत जाते. त्र्यंबकेश्वरहून दमून परतलो, गप्पांच्या नादात सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये नेहमीसारखी मोटार वळवली आणि तुळईला सायकलीची सीट आपटली. सीटची दांडी वाकली, ट्रे उखडला आणि टपाला तळहाताएवढा खड्डा पडला. तेव्हापासून सायकल वर असताना मोटार कुठेही थांबवली की मी हेल्मेट स्टिअरिंगला अडकवून ठेवतो. ते बाजूला केल्याशिवाय मोटार वळवताच येत नाही.

प्रश्न : मला बॅटरीवर चालणारी सायकल टपावरून न्यायची आहे. माझी उंची कमी असल्याने ती वर चढवणे जमेल का, अशी शंका वाटते.
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : शंका रास्त आहे. अशी सायकल अनेकदा २० किलोंच्या पुढे जाते आणि टपावरच्या बऱ्याच ट्रेची मर्यादा १५ ते २० किलोंचीच असते. बॅटरी काढून मोटारीच्या आत ठेवली तर दोन-तीन किलो कमी होतात, पण उरलेला भार खांद्याच्या वर उचलावा लागतोच. आपण टपाचा विचार सोडावा. मागील सीट आडवी करून, पुढचे चाक काढून सायकल आत मावते का ते आधी पाहावे. मागे लावायचा कॅरियर घेतल्यास नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाणार नाहीत, याची खात्री करावी, नाहीतर दंड भरावा लागेल.

प्रश्न : मोटारीला सनरूफ आहे. कॅरियर चालेल का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : माहितीपुस्तिकेत टपावर भार चालतो असे असेल, तर चालेल, मात्र दांडे लावलेले असताना सनरूफ उघडू नये. बाहेरच्या बाजूने सरकणारी काच दांड्यावर आदळते. मुले बटण दाबतात, म्हणून प्रवासाआधी त्यांना हे सांगून ठेवावे.