'आपल्याच बुद्धीवर': सगळी गोम 'च'मध्ये

प्रश्न असा आलाय: मराठी बायबलमध्ये नीतिसूत्रे ३:५ ला "तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस" असं वचन आहे. म्हणजे श्रद्धेसाठी डोकं गहाण ठेवायचं का? आणि इथे 'विश्वास' सोडून 'भाव' का?

माझ्या मते सगळी गोम त्या 'च'मध्ये आहे. मूळ हिब्रूत नुसतं 'तुझी बुद्धी' आहे, जोर देणारा वेगळा शब्द नाही. 'च' भाषांतरातला, पण चपखल. कारण इथे बुद्धीसाठी 'बीना' हा शब्द आहे, आणि लगेच पुढच्या अध्यायात (४:७) हीच बीना जवळचं सगळं वेचून मिळव असं सांगितलंय. मग आक्षेप उरतो तो एकट्या तिच्या भरवशावर राहण्याला. दोनच वचनं खाली, स्वतःच्याच नजरेत शहाणा ठरू नकोस, अशी तंबीही आहे. आपल्याकडे अशाला दीडशहाणा म्हणतात.

'अवलंबून' मात्र जरा फिकं वाटतं. हिब्रू क्रियापद 'शाअन', म्हणजे अंगाचा भार टाकून टेकणं. गिलबोवा डोंगरावर इस्राएलचा राजा शौल भाल्याला टेकलाय (२ शमुवेल १:६), तिथे हेच क्रियापद. शत्रूंनी डोळे काढलेला महाबली शमशोन हात धरणाऱ्या पोराला म्हणतो, मला खांब चाचपू दे, मी टेकतो (शास्ते १६:२६), तिथेही हेच. ते खांब पुढे कोसळतात! तेव्हा 'बुद्धीवर सगळा भार टाकू नकोस' हे मला जास्त जवळचं वाटतं. ख्रिस्ती परंपरेत बुद्धी ही देवाचीच देणगी, पण माणसाइतकीच चुकणारी. ती वापरायची, तिच्यावर रेलायचं नाही. येशूने 'पूर्ण मनाने' देवावर प्रीती कर म्हटलं (मत्तय २२:३७), तिथल्या 'मना'साठी ग्रीकमध्ये 'दिआनोइआ' आहे, म्हणजे विचारशक्तीच.

राहिला 'भाव'. तो 'भाव तेथे देव'मधला. गोव्यातले ख्रिस्ती कोकणीत श्रद्धेला आजही 'भावार्थ' म्हणतात, आणि इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सचं १६१६चं मराठी काव्य ख्रिस्तपुराण तर संतांच्या ओवीतच आहे. 'अगदी मनापासून'च्या शेजारी 'विश्वास' कोरडाच वाटला असता.

जाता जाता यशया १:१८ पाहा. तिथे खुद्द परमेश्वर म्हणतो, "चला, या, आपण बुद्धिवाद करू." हा बुद्धिवाद म्हणजे आजचा रॅशनॅलिझम नव्हे. मूळ क्रियापद वादप्रतिवादाचं, कोर्टकज्ज्यात दोन्ही बाजू मांडतात तसलं.