चिनी वर्गात ड्रॅगनची गोष्ट : वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात, म्हणून ती आधी थोडक्यात सांगतो. लिआंग राजवटीत (इ.स. ५०२ ते ५५७) चांग संगयाओ नावाचा चित्रकार होता. चिनलिंगच्या, म्हणजे आजच्या नानचिंगच्या, आन-ल मंदिरात त्यानं भिंतीवर चार पांढरे ड्रॅगन रंगवले. पण डोळ्यांत बुबुळं भरली नाहीत. 'भरली तर उडून जातील,' असं तो म्हणायचा. लोकांना ही थाप वाटली. त्यांनी फारच आग्रह धरला, तेव्हा त्यानं दोघांना बुबुळं भरली. क्षणात विजा कडाडल्या, भिंत फुटली आणि ते दोघे ढगांवर स्वार होऊन आकाशात गेले. बुबुळं न भरलेले दोन जागीच राहिले. चांग येनयुएननं इ.स. ८४७ मध्ये पूर्ण केलेल्या चित्रकारांच्या इतिहासात ही हकिकत आहे. तिच्यावरून रूढ झालेला वाक्प्रचार असा : ह्वा४ लुंग२ तिएन३ चिंग१, म्हणजे शब्दशः ड्रॅगन काढून बुबुळं भरणं. शब्दामागचे आकडे सुरांचे आहेत : १ उंच सपाट, २ चढता, ३ खालचा, ४ उतरता; ० म्हणजे सूर नसलेलं हलकं अक्षर.

प्रश्न : प्रौढांचा वर्ग आहे, पहिलं वर्ष संपलंय. मी फळ्यावर वाक्प्रचार आणि त्याचा अर्थ लिहिते, मग गोष्ट सांगते. पण वर्ग गप्प बसून राहतो. दीड तासात हे कसं बसवावं? (शिक्षिका, पुणे)

उत्तर : अर्थ आधीच कळला की विचारण्यासारखं काही उरत नाही. वाक्प्रचार शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा.

सुरुवात फळ्यावर चार ड्रॅगन काढून करा. वेडेवाकडे निघाले तरी चालतील, डोळे मात्र कोरे हवेत. नवे शब्द आठ ते दहाच घ्या : मंदिर, भिंत, चित्र काढणं, ड्रॅगन, डोळे, विश्वास ठेवणं, उडणं, वीज चमकणं. 'राजवट', 'भिंतिचित्र' असले शब्द या पातळीवर नुसतं ओझं होतात. गोष्ट स्वतः लिहून घ्या, साधारण १२० ते १५० चिनी अक्षरांत, लहान वाक्यांत. जुन्या ग्रंथातला उतारा अभिजात चिनीत आहे. तो या वर्गाला दाखवू नये.

मग गोष्ट तीनदा सांगा. पहिल्यांदा पुस्तकं मिटून, फळ्यावरच्या चित्राकडे बोट दाखवत. दुसऱ्यांदा चित्रकार कुंचला उचलतो तिथं थांबा आणि विचारा : ह्वा४ पु० ह्वा४? काढेल की नाही? इथं प्रत्येकाला काहीतरी म्हणावंच लागतं, आणि उत्तर एका शब्दाचं असल्यानं भीती वाटत नाही. तिसऱ्यांदा छापील मजकूर हातात द्या.

प्रश्नांचा क्रम फार महत्त्वाचा. आधी हो-नाहीचे, मग 'दोन की चार?' असे पर्यायाचे, मग कोण, कुठे, किती. 'का' हा प्रश्न सगळ्यात शेवटी, कारण त्याला 'यीन१ वेई४' (कारण) लावून पूर्ण वाक्य जुळवावं लागतं. बहुतेक शिक्षक तिसऱ्याच मिनिटाला 'का' विचारतात आणि वर्ग गप्प होतो. तुमच्याकडेही तेच होत असणार.

उरलेला वेळ पुनर्कथनाला द्या : सहा चित्रं, दोघांच्या जोड्या, प्रत्येक चित्राला एकच वाक्य. त्यात हमखास होणाऱ्या चुका अशा.

'दोन ड्रॅगन' म्हणताना विद्यार्थी मोजणीतला 'अर४' वापरतात. वस्तू मोजताना 'ल्यांग३' हवा आणि मध्ये गणनाशब्दही (आकडा आणि नाम यांच्यामध्ये येणारा शब्द) हवा : ल्यांग३ थिआओ२ लुंग२. 'थिआओ' हा लांबोळक्या गोष्टींचा गणनाशब्द, नदी, मासा, साप यांनाही चालतो. सगळीकडे 'क' हा सर्वसाधारण गणनाशब्द लावायची सवय इथंच मोडा.

भूतकाळ दिसला की प्रत्येक क्रियापदामागं 'ल' (क्रिया झाली असं दाखवणारा शब्द) लावणं ही दुसरी चूक. 'बुबुळं भरली नाहीत' यात 'मेई२' (घडलं नाही असा नकार) आला की 'ल' जातो. 'लोकांचा विश्वास बसला नाही' यात साधा नकार 'पु४' पुरतो, तिथंही 'ल' नाही.

तिसरी चूक मराठी बोलणाऱ्यांत जास्त दिसते. आपलं कर्म क्रियापदाच्या आधी येतं, त्यामुळं कर्माला क्रियापदाच्या आधी आणणारी 'पा३' ची रचना घरची वाटते आणि ती कुठंही घुसवली जाते. 'विश्वास ठेवणं', 'आवडणं' अशा क्रियापदांना ती चालत नाही. या धड्यात ती शिकवूच नका. 'त्यानं काढले चार ड्रॅगन' हा साधा क्रम आधी जिभेवर बसू द्या.

एका ठिकाणी मात्र मराठी मदतीला येते. 'फेई१ त्सोउ३ ल०' म्हणजे तंतोतंत 'उडून गेले'. नुसतं 'फेई ल' म्हटलं तर जाणं त्यात येत नाही. व्याकरणाची संज्ञा न उच्चारता 'उडून जाणं, पळून जाणं, घेऊन जाणं' अशी रांग लावली की परिणामदर्शक रचना पाच मिनिटांत कळते.

प्रश्न : मी 'डोळे काढले' म्हणतो आणि बाई म्हणतात, 'तू ड्रॅगनला चष्मा लावलास!' नेमकं काय चुकतं? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : डोळे म्हणजे येन३ चिंग०, चष्मा म्हणजे येन३ चिंग४. दोन्हींत 'येन' खालीच राहतो. डोळ्यांतला 'चिंग' आखूड असतो, जोर न देता किंचित वरच्या पट्टीत टेकवून सोडायचा. चष्म्यातला 'चिंग' पूर्ण लांबीचा, वरून खाली आपटणारा. शेवटच्या अक्षरावर जोर देऊन बोललात की चष्माच ऐकू येतो.

वाक्प्रचारात हाच 'चिंग' एकटा येतो तेव्हा त्याला पहिला सूर मिळतो. आणि त्याच्या आधीचा 'तिएन३' शेवटी वर चढवू नका. पहिल्या सुरापूर्वी तिसरा सूर खालीच थांबतो; पुस्तकातली 'खाली जाऊन वर' अशी खूण पाहून तो चढवला की दुसरा सूर होऊन बसतो. या चार अक्षरांत चारही सूर एकेकदा येतात, म्हणून रोज वर्गाआधी गळा साफ करायला हा वाक्प्रचार उत्तम.

व्यंजनांची काळजी तुम्हाला कमी. रोमन लिपीत 'बी' आणि 'पी' दिसले तरी ते अनुक्रमे 'प' आणि 'फ' आहेत. 'डी' आणि 'टी' म्हणजे 'त' आणि 'थ'. हा फरक आपल्या कानाला बाराखडीपासून ठाऊक आहे. 'त्सोउ' मधला पहिला ध्वनी तर 'चाक', 'चमचा' यांतला आपला 'च'. 'चिंग' मधला 'चिमणी'चा. फक्त 'फ' म्हणताना ओठ पूर्ण मिटा. ओठ आणि दात घासून आलेला 'फ' हा चिनीत वेगळा वर्ण आहे, तो 'फेई' मध्ये येतो.

प्रश्न : 'चिंग' हे अक्षर लिहिताना वर्गातले निम्मे विद्यार्थी 'निरभ्र आकाश' असं लिहितात. (शिक्षक, ठाणे)

उत्तर : ही चूक चीनमधली शाळकरी मुलंही करतात. दोन्ही अक्षरांचा उजवा भाग एकच, ८ रेघांचा. डावीकडं डोळ्याचं चिन्ह ५ रेघांचं, सूर्याचं ४ रेघांचं. फरक एका आडव्या रेघेचा. एकूण १३ रेघा झाल्या तर डोळा, १२ झाल्या तर निरभ्र. पन्नास वेळा उतरवून घेण्यापेक्षा डावा भाग लिहिताना पाचापर्यंत मोठ्यानं मोजायला लावा.

प्रश्न : आठ वर्षांची मुलगी शाळेत ही गोष्ट शिकतेय. ती आग ओकणारा, पंखवाला ड्रॅगन काढते. दुरुस्त करावं का? (पालक, सिंगापूर)

उत्तर : करावं, नाहीतर विजा का कडाडल्या हे तिला कळणार नाही. चिनी लुंग पाण्याचा आणि पावसाचा धनी आहे; दुष्काळात लोक नागराजासारख्या लुंग-राजाच्या देवळात पावसासाठी नवस करत. तो आग ओकत नाही. पंख सहसा नसतात, तो ढगांवरून जातो. काढताना सापासारखं लांब अंग, हरणाची शिंगं, गोड्या पाण्यातल्या कार्प माशाचे खवले, गरुडाच्या नख्या आणि तोंडाशी लांब मिशा द्या. घरी मराठीत सांगताना 'नाग' म्हटलं तरी फार बिघडत नाही. बौद्ध ग्रंथ चिनीत नेणाऱ्यांनी संस्कृत 'नाग' ला 'लुंग' च म्हटलं. आचार्य नागार्जुन तिकडं 'लुंग२ शू४' म्हणून ओळखले जातात.

प्रश्न : परीक्षेत मी लिहिलं, 'जेवणानंतर आइस्क्रीम म्हणजे ह्वा लुंग तिएन चिंग.' गुण कापले. का? (विद्यार्थिनी, मुंबई)

उत्तर : शेवटी आलेली कोणतीही गोष्ट त्यात बसत नाही. आधीचं काम चांगलं असावं लागतं, आणि एका नेमक्या जागी पडलेल्या हातानं त्यात जीव यावा लागतो. म्हणून हा वाक्प्रचार लेखन, भाषण, चित्र, रचना यांच्यासंबंधी वापरतात : 'निबंधाचं शेवटचं वाक्य ह्वा लुंग तिएन चिंग ठरलं.' आइस्क्रीम नसतं तरी जेवण पूर्णच होतं.

याच्या उलट टोकाला 'ह्वा४ श२ थिएन१ त्सू२' आहे, म्हणजे सापाला पाय काढणं. चित्र पूर्ण झाल्यावर नको ती भर घालून ते बिघडवलं की हा वापरतात. दोन्हींची सुरुवात 'ह्वा' नं होत असल्यामुळं परीक्षेत अदलाबदल होते. दोन्ही एकाच आठवड्यात पाठ करू नका. मध्ये निदान तीन आठवडे जाऊ द्या.