लॉकरमधले दागिनेही यादीत लिहा

प्रश्न: आम्हा दोघांना आणि पाच वर्षांच्या मुलीला कॅनडाची पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, मिळाली आहे. टोरांटोला उतरून पुढे कॅलगरीला जायचं आहे. माझ्याकडे मंगळसूत्र, बांगड्या, कोल्हापुरी साज, बोरमाळ, नथ आणि आजेसासूबाईंनी लग्नात माझ्या हातात घातलेल्या पाटल्या आहेत. पाटल्यांची पावती अर्थातच नाही. मुलीच्या गळ्यात घरातलं जुनं वाघनख आहे. निम्मे दागिने लॉकरमध्ये ठेवून पुढच्या खेपेला न्यायचा विचार आहे. जाऊबाई म्हणतात, "अंगावर घालून जा, कोणी विचारत नाही. कागदावर आलं की कर लागला." काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर: जाऊबाईंना तुमची काळजी आहे, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका. कायमचं राहायला येणाऱ्या माणसाचे स्वतःचे, वापरातले दागिने कॅनडा करमुक्त आत येऊ देतो. त्यासाठी अट एवढीच, की ते येण्याआधीपासून तुमच्या मालकीचे, तुमच्या ताब्यात आणि वापरात असले पाहिजेत, आणि पहिल्यांदा उतराल तेव्हा ते कागदावर आले पाहिजेत. अंगावर घातलेला दागिनाही सांगावाच लागतो. न सांगितलेला दागिना सापडला तर तो जप्त होऊ शकतो, आणि तेव्हा "माझ्या लग्नातला आहे" हे पटवत बसावं लागतं.

मी टोरांटोजवळच्या मिसिसागात राहते आणि नव्याने येणाऱ्या आपल्या लोकांच्या सीमाशुल्कासाठी लागणाऱ्या सामानाच्या याद्या करून देते. बहुतेक घरांत बायका सामानाची यादी अगदी मिक्सरच्या भांड्यापर्यंत करतात आणि दागिन्यांपाशी 'सोन्याचे दागिने, एकूण इतके तोळे' अशी एक ओळ लिहून मोकळ्या होतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण सगळ्यात जपायला हवी ती वस्तू याच ओळीत हरवते.

उतरल्यावर कॅनडाच्या सीमाशुल्क विभागाकडे हे सामान ज्या फॉर्मवर नोंदवायचं, त्याचं नाव बीएसएफ 186. आधीच्या लोकांनी तुम्हाला बी 4 असं नाव सांगितलं असेल, तोच हा. याद्या दोन करायच्या: एक आत्ता सोबत आणलेल्या वस्तूंची, दुसरी मागाहून येणाऱ्या वस्तूंची. लॉकरमधला प्रत्येक दागिना दुसऱ्या यादीत गेलाच पाहिजे. दोन वर्षांनी साज घेऊन आलात आणि तो या यादीत नसला, तर त्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी लागू शकतो. अल्बर्टात प्रांताचा वेगळा विक्रीकर नाही, तरी केंद्राचा 5 टक्के जीएसटी आहेच, आणि आजच्या सोन्याच्या भावात तो जड जातो. तुम्ही पुढे कॅलगरीला जाणार असलात तरी हे काम टोरांटोलाच होईल, कारण देशात पाऊल पडतं ते तिथे. म्हणून पुढच्या विमानाला मधे भरपूर वेळ ठेवा. अधिकारी फाइल क्रमांक घालून एक प्रत परत देतात. ती पासपोर्टइतकी जपा.

आता वर्णन. साज, बोरमाळ, नथ हे शब्द कॅनडातल्या अधिकाऱ्याला काहीच सांगत नाहीत. मिरजेतच सरकारमान्य मूल्यांकनकाराकडे किंवा तुमच्या नेहमीच्या सराफाकडे जा आणि एकेका दागिन्याचं मूल्यांकन इंग्रजीत लिहून घ्या. साजाला म्हणावं: 22 कॅरेट पिवळ्या सोन्याचा हार, जवमणी आणि पदकं ओवलेली, पदकं किती ते मोजून, त्यात लाल आणि हिरव्या खड्याचं पदक असेल तर तेही, मधल्या मोठ्या पदकाचं वर्णन वेगळं. बोरमाळेचे मणी बहुधा आतून लाखेचे असतात, म्हणून एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन असे दोन आकडे हवेत, नाहीतर पुढे कधी वजन केलं तर कागदाशी जुळायचं नाही. नथीचे मोती मोजून लिहा. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, आणि फोटोवर सराफाची सही आणि तारीख घ्या. कॅनडाचा सीमाशुल्क विभाग स्वतःच अशा सही-तारखेच्या फोटोंची शिफारस करतो, कारण पुढे तुम्ही दागिने घेऊन भारतात लग्नाला आलात आणि परत निघालात, की ओळख याच कागदावरून पटते.

पाटल्यांच्या पावतीची चिंता सोडा. मूल्यांकन आणि फोटो पुरतात. लग्नाच्या अल्बममध्ये त्या तुमच्या हातात दिसत असतील तर तो फोटोही सोबत ठेवा. जुन्या सोन्यावर हॉलमार्क किंवा एचयूआयडी नसणारच, सहा अक्षर-अंकांचा तो क्रमांक दुकानात सक्तीचा झाला तो 1 एप्रिल 2023 पासून. किंमत मात्र आजची, रास्त, कॅनेडियन डॉलरमध्ये. मुद्दाम कमी लिहू नका.

'पुढे मलाच मिळणार' म्हणून सासूबाईंचे दागिने यादीत घालायचा मोह होतो. ते आज तुमचे नाहीत. वारशाने आलेल्या वस्तूंसाठी कॅनडात वेगळी करमुक्त तरतूद आहे, ती तेव्हा वापरा. निघायच्या आठवड्यात घेतलेला, कधी न घातलेला नेकलेसही या सवलतीत बसत नाही. लग्न होऊन तीनच महिने झाले असते तर आहेराला सूट मिळाली असती, तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही. आणि पहिल्या वर्षात यातला दागिना विकला किंवा कुणाला दिला तर त्यावर कर भरावा लागतो, हे लक्षात असू द्या.

भारतातून निघतानाही एक काम आहे. विमानतळावर चेक-इनच्या आधी कस्टम्सकडून नेत असलेल्या दागिन्यांचं निर्यात प्रमाणपत्र घ्या. वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्या बाईला 40 ग्रॅमपर्यंतच दागिने करमुक्त आणता येतात, आणि तुमच्या पाटल्या नि साज मिळून ती मर्यादा सहज ओलांडतील. ते प्रमाणपत्र असलं की हे दागिने भारतातूनच गेलेले आहेत हे दाखवता येतं. दागिने हातातल्या बॅगेत ठेवा, म्हणजे तिथल्या तिथे दाखवता येतील.

वाघनखाचं मात्र निक्षून सांगते: ते नेऊ नका. मुलीला दृष्ट लागू नये म्हणून घातलंय, हे मला कळतं. पण ते खरं असेल तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, आणि वाघाच्या कुठल्याही अवयवाच्या ने-आणीवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. दोन्हीकडच्या विमानतळांवर तुम्ही अडचणीत याल. नुसतं घरात ठेवायलाही मालकीचं प्रमाणपत्र लागतं. ते कुणाकडे आहे का, हे सासऱ्यांना विचारा, आणि नसेल तर निघण्यापूर्वी एखाद्या वकिलाला भेटून वनखात्याकडे काय करायचं ते ठरवा.